बाबांच्या नावाचा कप

हॅलो?… हो, दुल्सेताई, मीच. बोल… झाली बाबांची प्रार्थना? चाळिसाव्या दिवसाला आपलं सगळं लिपा गाव लोटलं असेल…

माहितेय गं. विचारणारच सगळे, धाकटी मर्लिंडा कुठंय म्हणून. सांग ना त्यांना, पासपोर्ट अडकलाय इथल्या कामाच्या परवान्याच्या कचेरीत. मी काय हौसेनं बसलेय सायगॉनला?… बरं. बरं, आज नको भांडू.

अगं ऐक ना. मीही केलंय इथे बाबांचं… चर्चमध्ये नाही गं, घरमालकिणीच्या गच्चीवर. न्यान काकू. त्यांच्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यात परक्याला जागा नसते, म्हणून वेगळं स्टूल मांडलं त्यांनी. बाबांचा फोटो, भात, केळी… अगं, इथे घरोघरी असंच. आल्यापासून कंपनीसाठी तेच तर करतेय, लोकांच्या घरात डोकावायचं आणि काय विकलं जाईल ते बघायचं. गेलेल्या नवऱ्यापुढे बिअरचा डबा ठेवतात, तोही त्याच्याच आवडीचा. दुसऱ्या कंपनीचा स्वस्त मिळाला तरी नाही चालत. साहेब म्हणाले, इतकं पक्कं गिऱ्हाईक जगात नसेल… हो, हसले मीही.

तेच सांगतेय. काकूंनी विचारलं, वडील काय प्यायचे? म्हटलं, आमच्या कंपनीचीच कॉफी. पुडीतली, दूध-साखरेची. केली आणि ठेवली कपभर…

काय?… प्यायचे की. रोज. फोनवर दाखवायचे मला, कप उंच धरून…

फक्त फोनवर?

थांब, ताई. मग… ओतून द्यायचे? पेरूच्या झाडाला?

मग प्यायचे काय?… काळीच. बिनसाखरेची. भातावर ओतून… ते तर आपल्या लहानपणी ना? सुटलं नव्हतं होय…

आणि पुड्या? इतकी वर्षं पाठवत होते मी… शेजाऱ्यांना वाटून द्यायचे. 'माझ्या मुलीची कॉफी' म्हणून…

गच्चीवरच आहे मी अजून, स्टुलापाशी…

हाताखालच्या पोरींना मी काय शिकवते, माहितेय? माणसाच्या हातातला कप बघू नका, त्याच्या घरातला कचऱ्याचा डबा बघा. तोंडावर सगळे गोडच बोलतात. आणि स्वतःच्या बापाच्या घरात मी… नाही, रडत नाहीये. रडतेय. तुझ्यापासून काय लपवायचं.

ताई, काकू म्हणतात, उदबत्ती जळतेय तोवर ते जेवतात. विझली की उठतात. बोटभर राहिलीय गं. एवढा वेळ तो गोड कप समोर घेऊन बसलेत. तोंडही वाकडं करायचे नाहीत, मला ठाऊक आहे.

एक मिनिट… काकू! खाली काळी कॉफी आहे का हो? बिनसाखरेची… ताई, आहे म्हणतात. त्या रोज तीच पितात.

काय?… हो, भातावरच ओतते. ओतून लगेच खाली जाते. समोर नाही थांबणार. मी दिसले की ते पुन्हा गोडच उचलतील… ठेवते गं. विझायच्या आत आणायला हवी.