डावीकडच्या बरण्या

चिमी : बरण्या छत्तीस. झाकणं छत्तीस. आत कापडाचे तुकडे छत्तीस, सगळे एकाच जुन्या चादरीचे, एकाच बादलीत धुतलेले. बारा वहिनीच्या उशीखाली रात्रभर होते, बारा माझ्या, बारा वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या. तीन-तीन बरण्यांचे बारा गट. प्रत्येक गटात आम्हा तिघींचा एकेक तुकडा. मांडले काकूंनी, त्यामुळे कुठल्या बरणीत कोण आहे ते मलाही माहीत नाही. दादा, डोळ्यांवर टॉवेल बांध.

दादा : काकूंनासुद्धा सांगितलंस? वा! म्हणजे संध्याकाळपर्यंत गल्लीभर होणार, लाँड्रीवाल्याचं नाक गेलं म्हणून.

वहिनी : गल्लीला कधीच कळलंय. डॉक्टरीणबाईंचे पांढरे कोट चार वेळा धुतलेत तुम्ही. चार वेळा! कॉलरी विरल्या. त्या बिचाऱ्या विचारत होत्या, कोटांनी तुमचं एवढं काय वाकडं केलं होतं?

दादा : वास येत होता त्यांना.

वहिनी : कसला?

दादा : जळक्या रबराचा. किती वेळा सांगायचं?

वहिनी : मी हुंगले ते कोट. स्वच्छ होते. चिमूनं हुंगले. तिनंही तेच सांगितलं.

दादा : तुम्हा दोघींना येत नाही म्हणजे तो नाहीच, हे कुणी ठरवलं?

चिमी : प्रश्न बरोबर आहे.

वहिनी : तू नक्की कुणाच्या बाजूची आहेस गं?

चिमी : कुणाच्याच नाही. वास कापडात नसतो, वहिनी. कापडातून काहीतरी उडतं, नाक त्याचा निरोप वर पाठवतं, आणि वास तयार होतो डोक्यात. दादाच्या तापात निरोप नेणाऱ्या बऱ्याच तारा तुटल्या. आता त्या परत वाढतायत, पण अर्ध्यामुर्ध्या, भलत्याच ठिकाणी. डोक्याला तुटका निरोप मिळतो आणि ते आपलं काहीतरी ठरवून मोकळं होतं : जळलं.

दादा : म्हणजे डोकं बिघडलंय माझं. सरळ सांग ना.

चिमी : तुझं डोकं जे करतं तेच आमचं करतं. आमच्या डोक्यांचं आपापसात जुळतं, म्हणून आम्ही त्याला खरं म्हणतो.

दादा : हे ऐकायला तुझी कॉलेजची फी भरली मी?

वहिनी : चिमू, भाषण नंतर. माझी दुपारची गाडी आहे.

दादा : जा की. बॅग दारातच ठेवलीयेस. कालपासून दोनदा ठेचकाळलो तिला.

वहिनी : दीड महिना दुकानात झोपताय, लोकांच्या गाठोड्यांवर. वर पलंग आहे, गादी आहे, बायको आहे. काय नाही केलं मी? साबण बदलला. डोक्याला तेल लावणं सोडलं. घरात कांदा येत नाही. आणि परवा शेजारी येऊन बसले तर उठून खिडकी उघडलीत.

दादा : उकडत होतं.

वहिनी : शाल होती तुमच्या अंगावर.

चिमी : आपण सुरू करूया का?

वहिनी : कर. पण आधी माझं ऐकून ठेव. मला नाकाचं शास्त्र नको. मला एवढंच बघायचंय की ह्यांच्यासाठी मी कुणीतरी आहे का अजून. मी आणि वरच्या काकू ह्यांच्या नाकाला सारख्याच असू, तर मी भावाकडे चालले. नाक परत आलं की मीही परत येईन.

दादा : आणि नाही आलं तर?

वहिनी : ते तुम्ही सांगा.

चिमी : दादा, ऐक. एकेका गटातल्या तिन्ही बरण्या तुझ्या नाकाखाली धरीन. वहिनीची कुठली ते सांगायचं. तू सांगशील ती झाकण लावून डावीकडच्या फळीवर जाईल, उरलेल्या दोन उजवीकडे. प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यात टाका आहे. वहिनीचा तांबडा, माझा निळा, काकूंचा हिरवा. टाका घडीच्या आत आहे, मला दिसत नाही. शेवटी डावीकडच्या बारा उघडायच्या आणि तांबडे मोजायचे.

वहिनी : किती यायला हवेत?

चिमी : चार आले तर काही कळत नाही. तिनातून एक म्हटल्यावर बारात चार असेच येतात. दुकानातला हा हँगरवरचा कोट बोलायला लागला तर त्यालाही साधारण चार येतील. पाच-सहा आले तरी मी मानणार नाही.

दादा : कोटालाच बसव मग. मला इस्त्री पडलीये.

चिमी : वहिनी, तू दारापाशी. चेहरा बाहेर. खोकायचं नाही, हुंकार नाही. पहिला गट. एक.

दादा : रबर.

चिमी : दोन.

दादा : रबर.

चिमी : तीन.

दादा : काय वाटतं तुला?

चिमी : वहिनीची कुठली?

दादा : कुठलीच नाही. तिन्हींत कुणीतरी टायर पेटवलाय.

चिमी : एक सांगावी लागेल.

दादा : 'माहीत नाही' म्हटलेलं चालत नाही?

चिमी : नाही.

दादा : हे कसलं शास्त्र? माणूस म्हणतोय मला ठाऊक नाही, तर म्हणे तरी बोल!

वहिनी : गिऱ्हाइकाला बरं बोलता येतं, 'संध्याकाळपर्यंत नक्की मिळेल' म्हणून.

चिमी : वहिनी!

वहिनी : बरं, बरं. गप्प.

दादा : दुसरी. लिही, नाहीतर फळीवर ठेव, काय करायचं ते कर.

चिमी : डावीकडे. दुसरा गट. घाई करू नकोस.

दादा : रबर... रबर... आणि हे रबर. पहिली.

चिमी : का पहिली?

दादा : तोंडात आलं म्हणून. कारणंही द्यायची आहेत?

चिमी : नाही. तिसरा.

दादा : ही सगळ्यात वाईट. ही काकू असणार.

चिमी : काकूंची नाही विचारलेली. वहिनीची.

दादा : तिसरी. मधली. थांब, तिसरीच.

चिमी : नक्की?

दादा : नक्की कसलं, चिमे? अंधारात दगड मारतोय मी. तुला लागल्याचा आवाज हवाय, म्हणून मारतोय.

चिमी : चौथा.

दादा : दुसरी.

चिमी : अजून तिसरी हुंगली नाहीस तू.

दादा : हुंगली समज.

चिमी : दादा, असं नाही चालणार. मी काकूंना विनवून दोन दिवस अत्तर बंद करायला लावलंय. चादर फाडलीये. छत्तीस टाके घातलेत, आणि मला शिवता येत नाही. हुंग.

दादा : हुंगली. रबर. दुसरीच.

चिमी : पाचवा.

दादा : पहिली.

चिमी : सहावा... दादा? टॉवेल का काढलास?

दादा : पुरे झालं. मला मळमळतंय.

वहिनी : झालं. आता ओकारीसुद्धा आली माझ्या नावानं.

दादा : तुझ्या नावानं नाही!

वहिनी : मग? ऐकतेय मी दारात उभी राहून. रबर, रबर, टायर, रबर. त्यातली एक मी आहे ना?

दादा : तुला वाटतं मी मजेत म्हणतोय?

वहिनी : मला काय वाटायचं? तुम्ही बोलता का काही? दीड महिन्यात माझ्याशी जे बोललात ते सगळं काउंटरवरचं. 'सुट्टे आहेत का', 'स्टार्च संपलाय', 'शटर ओढ'.

दादा : काय बोलू? डॉक्टरीणबाईंचा कोट रबरासारखा आला तर मला चीड येते. मी तो मशीनमध्ये टाकतो. परत आला, परत टाकतो. तुला टाकता येत नाही.

वहिनी : टाका की. चार वेळा टाका.

दादा : बघ, ही थट्टा! हेच! अगं, कोटाचा वास कसा होता ते मला आठवत नाही. बदलला तर बदलला. तुझा आठवतो. दुकानाचं दार ढकललं की तू मागं इस्त्रीपाशी आहेस का वर गेलीयेस ते मला आत यायच्या आधी कळायचं. आता तुझ्याजवळ येतो ते तो शोधायला येतो, आणि तो नसतो. तू असतेस आणि तो नसतो. म्हणून खिडकी उघडली. म्हणून खाली झोपतो. झालं समाधान?

वहिनी : हे दीड महिन्यात एकदा तरी सांगायचं होतं.

दादा : सांगून वास आला असता?

वहिनी : मला कळलं असतं ना! मी कांदा सोडला हो. मला वाटलं, मीच...

चिमी : दोघंही थांबा. प्लीज. सहा गट राहिलेत... सात. सहावा झालाच नाही. आता उठलात तर सगळं परत मांडावं लागेल आणि माझ्याकडे दुसरी चादर नाही.

दादा : ही बघ, हिला चादरीची पडलीये.

चिमी : मला तुमचीच पडलीये! दोन आठवडे तुम्ही दोघं माझ्यामार्फत बोलताय. 'दादाला सांग जेवायला ये.' 'वहिनीला सांग भूक नाही.' मी काय निरोप्या आहे? तू म्हणतोस तुला काही कळत नाही. ती म्हणते तुला ती नकोशी झालीये. दोघांनाही आपापल्या डोक्यात खात्री. मला खात्री नाही, म्हणून मी मोजतेय. बांध टॉवेल.

वहिनी : बांधा. मी बोलत नाही.

दादा : आण. कितवा?

चिमी : सहावा.

दादा : तिसरी.

चिमी : सातवा.

दादा : हं... पहिली.

चिमी : आठवा.

दादा : ह्यात दोन सारख्याच आहेत.

चिमी : सगळ्याच सारख्या म्हणत होतास.

दादा : तेच म्हणतोय. तिसरी.

चिमी : नववा.

दादा : दुसरी. लवकर दे गं पुढची, डोकं दुखायला लागलं.

चिमी : दहावा.

दादा : परत दे पहिली. नको, राहू दे. दुसरी.

चिमी : अकरावा.

दादा : पहिली.

चिमी : शेवटचा. एक... दोन... तीन.

दादा : तिसरी. सुटलो.

चिमी : टॉवेल काढ. वहिनी, आत ये.

दादा : आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मग रडारड नको. पहिल्यापासून शेवटपर्यंत ठोकून दिलंय सगळं. एकाही बरणीत मला ही सापडली नाही. एकाही. चार येतील.

वहिनी : बॅग द्या इकडे.

दादा : उघडायच्या आधीच?

वहिनी : तुम्हीच म्हणताय ना, चार.

चिमी : त्याला काय वाटतं ते आपण मोजलेलं नाही, वहिनी. फळीवर आहे ते मोजायचंय. डावीकडच्या बारा. तूच उघड. माझा हात नको लागायला.

दादा : गाडी चुकेल तिची.

वहिनी : चुकू दे. सरका जरा, उजेड अडवलाय तुम्ही.

(झाकणं उघडल्याचे एकामागून एक आवाज.)

दादा : काय झालं? चिमे, हिला काय झालं? चारही नाहीत का?

चिमी : वहिनी, परत एकदा मोज. घड्या उलगडून, काउंटरवर ओळीनं ठेव.

दादा : अगं, कुणीतरी बोला! किती?

वहिनी : निळा एक. तांबडे अकरा.