पेटीच्या कडा

बादशहा : एक छडी मारली असती तर मी आलो नसतो, बाई. पण स्कॉलरशिपच्या यादीतनं माझ्या शिफाचं नाव खोडायचं म्हंजी काय?

दानेश्वरीबाई : आवाज खाली करा, बादशहाभाई. शेजारी वर्ग चालू आहे. पेटीच्या आकाराला कडा किती, एवढंच विचारलं होतं तिला. पृष्ठे सहा, शिरोबिंदू आठ, बरोबर सांगितलं. कडा म्हणे आठ.

बादशहा : आठच हाईत की.

दानेश्वरीबाई : बारा.

बादशहा : वीस वर्सं पत्र्याच्या पेट्या करतोय मी. हातकणंगल्यापातुर जात्यात. ही बघा, संगं आणलीया. तोंडाच्या चार, झाळून जोडलेल्या उभ्या चार. झाल्या न्हाईत आठ?

दानेश्वरीबाई : आणि तळाच्या चार कुठे गेल्या?

बादशहा : त्या मोडी. तिथं पत्रा नुसता वाकवलाय, कापलेला न्हाई. मोडीला कड कोण म्हणतंय?

दानेश्वरीबाई : तुमच्या दुकानात नसतील म्हणत. दोन पृष्ठे जिथे मिळतात ती कड, मग पत्रा कापा नाहीतर वाकवा. पेपर तपासणारा तुमच्या दुकानात विचारायला येणार आहे का?

बादशहा : बरं, चुकली. धा वर्साची पोर हाय. तेवढ्यापायी नाव खोडतासा?

दानेश्वरीबाई : चुकली म्हणून नाही खोडलं. तीनदा समजावलं, तीनदा तोंड वर करून आठच म्हणाली. असला हट्ट चाळीस पोरांसमोर मी चालवून घेत नाही. उद्या वर्गात बारा म्हणू दे, नाव परत लिहिते.

बादशहा : शिफा, हिकडं ये. आधीच डोस्कं फिरलंय माझं. म्हण बारा.

शिफा : मला ठावं हाय बारा.

बादशहा : मग म्हणली का न्हाईस?

शिफा : बाईंनी इचारलं, आठ कुणी शिकवलं. मी सांगितलं, अब्बांनी. सगळी पोरं हसली. बाई बी हसल्या.



दानेश्वरीबाई : मी तुझ्या वडलांना नव्हते हसले गं.

शिफा : हसलासा. मी न्हाई म्हणणार बारा. ऱ्हाऊ दे नाव खोडलेलं.

बादशहा : गप. एक शबूद बोलू नगंस. बाई, उद्या वर्ग कितीला भरतोय?

दानेश्वरीबाई : साडेदहाला. का?

बादशहा : मी येतो. चाळीस पोरांम्होरं मीच म्हणतो, बारा.