बासष्ट वर्षांच्या मुलीचा पालक

नाही, पण मला एक सांगा, बासष्ट वर्षांच्या बाईचे पालक आणायचे कुठून? हां? थडग्यातून उठवून? तुम्ही हसताय, पण तुम्हाला सांगतो, बुसानच्या त्या विद्यापीठाच्या खिडकीपाशी मी उभा होतो ना, अंगाची नुसती लाही लाही होत होती!

मी प्रौढांच्या शाळेतला मास्तर. माझी विद्यार्थिनी कू माल-सुक, अख्खा मासळीबाजार तिला मावशी म्हणतो, मीही. पहाटेपासून बांगडे साफ करायचे आणि दुपारी माझ्यापुढे बसून बीजगणित! चार वर्षांत प्राथमिक, माध्यमिक, बारावी, तिन्ही परीक्षा बाहेरून बसून पास! आता तिला समाजकार्य शिकायचंय. आणि विद्यापीठाची जाहिरात काय? 'उशिरा शिकणाऱ्यांचे स्वागत!' तिशीच्या वरच्यांना खास जागा! खास! आणि अर्ज? अठरा वर्षांच्या पोरांचाच, जसाच्या तसा उचललेला! पहिलाच रकाना, पालकाचा मोबाइल नंबर. तो भरल्याशिवाय पुढचं पानच उघडत नाही!

शेवटचा दिवस. सहाला अर्ज बंद, साडेपाच वाजलेले. खिडकीतला पोरगा अगदी गोड आवाजात, 'सर, पालक कुठायत?' म्हटलं, वारले. 'दोघंही?' अहो, दोघंही! 'अरेरे... मग सर, पालक कुठायत? नाही म्हणजे, सिस्टीम घेत नाही ना.'

आणि मावशी माझी बाही ओढतेय, 'जाऊ द्या मास्तर, माझंच चुकलं.' तिचं चुकलं! बाजारात भांडायला लागली की चार गल्ल्यांना ऐकू जातं हो, आणि काचेपुढे आली की आवाज पोटात! कोणी केलं हे तिचं? या असल्या खिडक्यांनीच ना? संताप येतो, संताप!

म्हटलं, मुलाचा नंबर टाकू. तर ही पांढरीफटक! मुलगा लहान असताना शाळेतून दर वर्षी कागद यायचा, आईचं शिक्षण किती? हिनं शेजारणीकडून लिहून घेतलं, बारावी पास. तिसरीत शाळा सुटलेली बाई! मुलगा आज अडतीसचा, अजून तेच खरं मानून चाललाय. 'त्याला कळणार असेल तर मला शिकायचंच नाही, मास्तर,' म्हणाली आणि निघालीच! तिला दारातून ओढून आणली.

पाच पन्नास. 'सर... पालक कुठायत?'

'मी आहे!' असा ओरडलो की मागची रांग दचकली. 'नातं काय, सर?' यादी बघितली, वडील, आई, आजोबा, आजी. संपली! 'इतर' नाहीच! मी छत्तीस वर्षांचा माणूस... दाबलं 'वडील'. पोरानं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे... आणि तुम्हाला सांगतो, सिस्टीमनं घेतलं! लगेच! बासष्टची मुलगी, छत्तीसचा बाप, काही हरकत नाही!

मिळाला प्रवेश. तेव्हापासून माझ्या फोनवर मेसेज. 'आपल्या पाल्याचे अभिनंदन.' 'पाल्याला सकस आहार द्या.' आणि गेल्या गुरुवारी, 'आपला पाल्य आज तिन्ही तासांना गैरहजर.'

शिक्षण सोडलं की काय हिनं? फोन लावला, तर नुसता वारा आणि पोरींचं खिदळणं! 'ओरडू नका हं मास्तर! वर्गातल्या पोरी म्हणाल्या, मावशी, चला समुद्रावर. आले. जन्मभर समुद्राकाठीच राहिले, पण हातात मासा नसताना पहिल्यांदाच आलेय इथं. आणि नऊ वर्षांची असताना शाळाच सुटली ना, बुडवायची राहूनच गेली होती... तेवढी पालकांची चिठ्ठी मागितलीय हो उद्या.'

आता मी मास्तर माणूस! गैरहजेरीवरून रोज वर्गात आरडाओरडा करणारा! करतो काय? बसलो लिहायला.

'मुलीला ताप होता. आपला, वडील.'