पहिल्या रांगेतले पाहुणे

—हो, मॅडम झाली तू, पण ते पोट्ट्यांसाठी. मले तू आपली उर्वशीच, एका वर्गातले आपण. अर्जावर सही कर अन् सोड मले. गॅदरिंगात फिशपाँड पुन्हा सुरू करायचे, बाकी काही मागत नाही. तूच बंद केले म्हणतात — काहून? तक्रारी येतात म्हणून? आताच्या पोट्ट्यांले जरा चिमटा काढला का ते प्रिन्सिपॉलकडे पळतात. आपल्या वेळी कसं होतं — डब्यात बिननावी चिठ्ठ्या, स्टेजवर वाचाले मीच, हा रवी, अन् ज्याच्या नावानं निघाली त्यानं उभं राहून हसायचं. घनश्याम सरांच्या टकलावर दरसाल एक राहे, सर वाट पाहत. तूही तर हसली. कापूस घरोघरी पडून होता त्या साली, तुमच्या बोरी अरब गावात तर किडक्या कवडी कापसाले कोणी हात लावत नव्हतं — 'कवडी कापूस अन् आमची उर्वशी, दोन्हीले गिऱ्हाईक नाही' — सारा हॉल बाकं बडवून राह्यला होता. तू सगळ्यांत जोरात हसली, मी वरून पाह्यलं ना.

मंग ते उमरखेडचे पाहुणे उठून गेले, ते माह्यावर कायले? एका हशानं सोयरीक मोडते का? पोराची माय चांगली होती. गेटवर मलेच विचारलं तिनं — उर्वशी कोणती, पोराले पाह्याची आहे, तिले सांगू नको. मीच तर नेऊन पहिल्या रांगेत बसवलं... चिठ्ठी? कोणाची म्हणजे — डब्यातलीच. म्हणजे — डब्यातल्या साऱ्या पाणचट होत्या, अन् पाहुणे पाहून मले सुचलं. सुचलेलं गिळता येते का? तुह्याशी काही वैर नव्हतं, देवाशप्पथ. दुसरी कोणी असती तरी वाचलंच असतं.

आता फवारणीच्या औषधाच्या दुकानात बसतो मी. अळीनं कापसाची पऱ्हाटी खाल्लेल्या माणसाले काय हसवू? एकदा केली गंमत — तो औषध तसंच ठेवून निघून गेला. घरी बायको टीव्हीचा आवाज वाढवते. एक संध्याकाळ पाहिजे मले, उर्वशी. माईक, अन् भरलेला हॉल. तुले काय जाते त्यात? तुह्यं तर बरंच झालं — नोकरी, खोली, मागं कोणाचा जाच नाही...

तास आहे? मंग घेऊन ये, मी बसतो इथंच. अर्ज राहू दे टेबलावर. पाहजो सावकाश—

पंखा कायले बंद केला? बसून आहो ना मी.