रघूच्या फोटोचा हार

हिरामण : दिशा, रघूच्या फोटोला हार कोनी घातला गो? उतरव आधी!

दिशा : मीच घातला, आजोबा. सगळ्यांनाच घातलेत. क्लबची पन्नाशी आहे आज.

हिरामण : बाकीच्यांना घाल. ते गेले. रघू गेलेला न्हाय!

दिशा : एकाहत्तरच्या लढाईतले ना ते?

हिरामण : बेपत्ता हाय तो. बेपत्ता म्हंजी मेला न्हवं! त्याची बायको, ठकुवयनी, अजून कुंकू लावते, आन् ती आता येईल. स्टूल कुठंय?

दिशा : गेटवर, बॅनर बांधायला नेलंय. घाबरू नका, पाहुणे अजून कशेलीच्या ट्रॅफिकमध्ये आहेत.

हिरामण : पाहुने गेले खड्ड्यात! अगो, ह्यो क्लब निघाला कशासाठी? वळ गावातले आमी पाच जन एका पलटनीत. चौघं परत आलो, रघू न्हाय. लोकांना तोंड दाखवायची लाज वाटायची. मंग ठकुवयनीच्या ओटीवर जमायचो, रघूला शोधा म्हनून दर महिन्याला पलटनीला अर्ज धाडायचो. त्याचाच ह्यो माजी सैनिक क्लब झाला. आन् आपनच त्याला हार घालायचा?

ठकुबाई : भावजी, कोनावर वरडताय?

(हिरामण भिंतीला पाठ लावून हात पसरतो. पण फोटो टांगलाय डोक्याच्या वर दोन हात, लपणार कसला!)

हिरामण : कोनावर न्हाय, वयनी. तुमी भायेर बसा, पंख्याखाली.

ठकुबाई : बाजूला व्हा.

हिरामण : पोरीला ठाव नव्हतं, वयनी. आत्ता उतरवतो.

दिशा : माझं चुकलं, आजी.

ठकुबाई : ऱ्हाऊ दे, पोरी. बरा दिसतो.

हिरामण : वयनी, असं बोलू नका. तो येईल!

ठकुबाई : न्हाय येनार. सासू गेली तवाच मला उमगलं. आयसाठी बी आला न्हाय, तो आता कसला येतो?

हिरामण : मंग इतकी वर्सं ह्ये कुंकू?

ठकुबाई : तुमच्यापायी. मी पुसलं असतं तर अर्ज थांबले असते, आन् तुमी चौघं परत चार घरांत तोंड लपवून बसले असते. बाकीचे तिघं गेले. आता तुमी एकलेच, म्हनून बोलते.

हिरामण : मंग क्लबात येऊन मी आता कोनाची वाट बगायची, वयनी?

ठकुबाई : माझी बगा. मी येत जाईन.