चिंचेनं धरलेली बुट्टी

...आणि बुट्टी कुणाची? माझी! तुम्हाला सांगतो... पुण्याची सून हसते मला, 'आई, बाईमाणूस असून सांगतो काय म्हणता?' हसू दे, आमच्या निपाणीत आम्ही बायका असंच बोलतोय... तर तुम्हाला सांगतो, भाजी धुवायची माझी जाळीची बुट्टी, निळी, चांगली गच्च काठाची, तीत ह्यांनी चिंच लावली. गावातल्या कुंड्या काय संपल्या व्हत्या?

झालं काय, दुकान लेकाकडं दिलं आणि ह्यांचं बोलणंच बंद झालं. जन्मभर गिऱ्हाइकाशी बोललेला माणूस! त्यात दुकानापुढची चिंच रस्ता रुंद करताना गेली. तिचंच एक रोप ह्यांनी डब्यात ठेवलं व्हतं, त्याच्याकडं बघत बसायचे. चहा घेणार? मुंडी. जेवणार? मुंडी. ह्यापरीस भिंतीशी बोललेलं बरं, भिंत निदान मुंडी हलवून आशा तरी लावत न्हाई.

मग आमच्या लेकानं, अभिनंदननं, ह्यांना बेळगावात शहापूरला बोन्सायच्या क्लासला घातलं. तिथली मॅडम म्हणाली, अण्णा, झाड लहान ठेवायचं तर मुळं कापायला पायजेत. हे आले कात्री घिऊन! मी म्हटलं, अहो, आपण जैन माणसं, मुळाला धक्का नको म्हणून ह्या घरात कधी बटाटा सुदीक शिजला न्हाई, आणि तुम्ही जित्या झाडाची मुळं कापणार? शेंडा खुडा पायजे तर, मेथी खुडतोयच की आपण. मूळ न्हाई. कात्री गेली कपाटात, आणि हे परत गप्प.

आणि थोड्या दिसांनी बघतोय तर बुट्टी गायब! त्या मॅडमनीच दुसरा उपाय सांगितला म्हणे. कुंडीत मुळं गोल गोल फिरून एकमेकांचा गळा धरत्यात, जाळीत तसं न्हाई. मूळ भोकापतूर आलं, वारं लागलं, की टोक आपोआप सुकतं आणि आतनं बारीक फाटे फुटत्यात. कापायला नको, काय नको. 'तुझ्या धर्मानं झाड वाढतंय बघ,' म्हणाले. धर्म माझा, झाड ह्यांचं, आणि बुट्टी कुणाची? माझी! म्हटलं, मी भाजी कशात धुवू? तर म्हणे, चातुर्मास हाय, पालेभाजी कुठं खातोय आपण? दुकानदार माणूस, बोलण्यात हरतोय व्हय!

पण बोलायला लागले हो. रोज सकाळी हाक, 'त्रिशला, ये, पांढरं मूळ आलंय बघ.' मी कपाळाला आठ्या घालून जातो. घालायला लागत्यात. खरं सांगू? त्या हाकेसाठी मी आधीच जागी असतो.

चातुर्मास सरला, बाजारात मेथी आली. म्हटलं, द्या बुट्टी. बघतोय तर मुळं भोकाभोकात जाड होऊन बसल्यात. बुट्टी सोडवायची तर मुळं कापायला पायजेत! आता मी कुणाला बोलू? परातीत मेथी धुवायला बसलो, पाणी ओतायला गेलं की पानं हाताच्या फटीतनं पळत्यात. ह्यांनी ते बघितलं. कपाटातनं कात्री काढली.

'तुझी बुट्टी तुला देतो,' म्हणाले. 'झाडाचं... बघू.'

दुकान गेलं, चिंच गेली, आणि आता हे रोप पण माझ्या मेथीपायी? मी कात्री काढून घेतली. म्हटलं, 'राहू दे ते. तुम्ही परत गप्प झालासा तर त्या मेथीला काय चव हाय?'

काल गेलो नवी बुट्टी आणायला. दुकानवाली गुणाबाई माझ्याकडं बघतच बसली, कारण मी एकेका बुट्टीच्या भोकात करंगळी घालून बघत व्हतो. म्हणाली, आक्का, मेथीला बारीक भोकं लागत्यात की. कळतंय की गं मला. तरी मोठ्या भोकांचीच आणली. आज धुतली मेथी, निम्मी मोरीत गेली. हे मागं येऊन उभे, 'भोकं झकास हायत गं!'

बुट्टी कुणाची? माझीच की... दुसरी चिंच रुजेपतूर.