कस्तुराबाईच्या दारावरून गेलेली हाक

...अन् मंग काय, बसली कस्तुराबाई परातीसमोर गालाले हात लावून! आता तुमीच सांगा, पोरीचं लगन तोंडावर, वऱ्हाड येनार मानोऱ्याचं, उडदाचं पीठ कुटून-कुटून लोन्यावानी मऊ झालेलं, अन् लाटाले आंगनात एक बाई नाही! दुपारवरी पीठ कडक होते बाप्पा, मंग त्याचे पापड नाही, खापरं होतेत. मी काही दुसऱ्याच्या घरात डोकावत नाही... पन आमच्या दोघींच्या मधली भित कमरेएवढी, दिसते, त्याले मी काय करू?

तुमाले सांगतो, आमच्या रिठदची रीत कशी हाये. पापड लाटाचे असले की बाई हिरीवर जाते अन् एकच हाक मारते, "पापडवाल्याहोऽऽ, अमकीच्या आंगनात पीठ तयार!" कोन येनार ते तिले मालूम नाही, मालूम कराची गरजबी नाही. आमच्या गल्लीची लिलाबाई ते हाक झेलते अन् ज्याईनं तिले सांगून ठेवलं त्यायच्याच दारी पोचवते. ज्या गल्लीत पापडवालीच नाही तिकडं कायले घसा फोडा? हाक साऱ्यायची, नाव कोनाचंच नाही!

मंग बिघडलं कुठं? गेल्या चैतात हिनं लाटलेला पापड उचलून गल्लीतली प्रयागबाई साऱ्यायपुढं बोलली, "कस्तुरे, हा पापड हाये का बैलाच्या पायाचा नाल?" झालं! कस्तुराबाई फनफनत लिलाबाईकडं, "आजपासून माह्या दारी हाक नोको!" तवापासून हाक भितीले घासून जाये, पन हिच्या दारापुढं लिलाबाई गप!

आता गरज पडली त हाक माराची लाज. निंगाली घरोघर, नावानं बोलवाले! प्रयागबाई म्हने, "मले एकटीलेच? बाकीच्या येऊन राह्यल्या का?" ललिताबाई म्हने, "प्रयागबाई आली त येतो." गंगू म्हने, "ललिताबाई निंगाली की आवाज दे." हे या उंबरठ्यावरून त्या उंबरठ्यावर, अन् इकडं फडक्याखाली पीठ सुकून राह्यलं! नवरा जानराव ओसरीवर ट्रांझिस्टर कानाले लावून, "येतीन ना! घाई काहून करतं?" अरे बाप्पा, मंग तूच लाट ना!

शेवटी डोयात पानी, पदर खोचला, गेली हिरीवर. "पापडवाल्याहोऽऽ! कस्तुराच्या आंगनात पीठ तयाऽऽर!"

काय सांगू... घटकाभरात आंगन भरलं! साऱ्यात पुढं प्रयागबाई. कस्तुराबाईनं तिच्यापुढं पाट सरकवला, "आली व माय?"

"तुह्यासाठी नाही आलो. हाक आली मनून आलो."

हाक साऱ्यायची, नाव कोनाचंच नाही! सांजेवरी बाजांवर पापडच पापड.

दुसऱ्या दिवशी प्रयागबाईची हाक. कस्तुराबाई लाटनं घेऊन दारात उभी, फेड त करा लागते ना! लिलाबाई आली... दारापुढं गप... गेली पुढं!

"काहून वं लिले? काल त माह्या हाकेवर साऱ्या आल्या!"

"हाक कोनीबी मारते, मामी. आयकाची असन त मले सांगा लागते!"

गियला राग. "दे बाई... देत जा आजपासून."

आता हाक आली की कस्तुराबाई लाटनं घेऊन निंगते, अन् प्रयागबाई जागा दाखवते, "तू तिकडं बैस, पिठाचे गोये कर." लाटाले तिले अजूनबी कोनी देत नाही! मी भितीवरून इचारलं, वाईट नाही वाटत का व?

म्हने, "हाक त येते ना माय... गोये त गोये."